पडद्यावरचा प्राचीन काळ आणि आठवी आज्ञा



गेल्या प्रायश्चित्तकाळात आपल्या युवकांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य बसवले, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. संध्याकाळी ऊन उतरले की चर्चच्या अंगणात तालमी होत. पुठ्ठ्याची चिलखते तयार झाली, त्यांवर सोनेरी कागद चिकटला, आणि शिरस्त्राणावरच्या तुऱ्यासाठी कोणाच्या तरी घरची केरसुणी कापली गेली. लाल झगे शिवण्यासाठी एका मावशींनी आठ दिवस शिलाई मशीन चालवले. मी मुलांना सहज विचारले, "रोमन शिपाई असा दिसत होता, हे तुम्हाला कोणी सांगितले?" उत्तर एका सुरात आले, "फादर, पिक्चरमध्ये बघितलं ना!"

मुख्य याजकाचे काम करणारा मुलगा बाजूला उभा राहून हसण्याचा सराव करत होता. काजळाने भुवया जाड केल्या होत्या आणि तोंड वाकडे करून तो गडगडाटी हसत होता. मी म्हटले, "अरे, तू हसतोस कशाला? शुभवर्तमानात तर मुख्य याजक हसल्याचे कुठे लिहिलेले नाही." तो म्हणाला, "फादर, तो वाईट माणूस आहे ना, म्हणून."

त्या मुलाला रागावण्याचा मला अधिकार नव्हता. कारण हे हसू मीच एकेकाळी शिकवले आहे. मी नवा धर्मगुरू असताना दुसऱ्या एका धर्मग्रामात असेच नाट्य बसवले होते. तेव्हा मी याजकांची भूमिका करणाऱ्यांना मेण लावून लांब, वाकडी नाके केली होती. प्रयोग छान झाला, लोक रडले, माझे कौतुक झाले. नंतर भांडी आवरताना नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "फादर, येशू पण यहुदी होता ना? आणि त्याची आई पण? मग त्यांची नाके सरळ कशी?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र अजून माझ्यामागे आहे. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न असा : दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. आपल्या मनात त्याचे जे चित्र आहे, ते बहुतांशी सिनेमाने आणि टीव्हीने दिलेले आहे. ते चित्र चुकीचे असेल, तर त्याने काय बिघडते? आणि कोणाचे बिघडते? जे मेले त्यांचे, की आपले?

फाळके, ख्रिस्त आणि पहिला पडदा

या प्रश्नाचा आपल्या मराठी मातीशी फार जवळचा संबंध आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात प्रभू येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की ते चित्र डोळ्यांसमोरून सरकत असताना मनात मात्र त्यांना राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. त्यातून ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. म्हणजे आपल्या देशाच्या चित्रपटाचा उगमच प्राचीन काळ पडद्यावर आणण्याच्या ओढीत आहे, आणि त्या ओढीला धक्का दिला तो ख्रिस्ताच्या चित्रपटाने. ख्रिस्ती माणसाला याचा आनंद वाटावा. पण त्याबरोबर थोडी जबाबदारीही वाटावी.

फाळक्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या होत्या. तरीही पडद्यावर राम आला की लोक हात जोडत. त्यांना काही कळत नव्हते असे नाही. हा संकेत आहे, ही सोंगे आहेत, हे आपल्या लोकांना कीर्तनातून, दशावतारातून आणि तमाशातून चांगले ठाऊक होते.

माझ्या पिढीचा अनुभव दूरदर्शनचा. २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी अगदी लहान होतो. रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही शेजाऱ्यांच्या घरी धावत जात असू. त्यांच्याकडे टीव्हीला हार घातलेला असे, उदबत्ती लावलेली असे. आम्हा ख्रिस्ती मुलांना पुढच्या रांगेत जागा मिळे. पुढे बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात प्राचीन भारत म्हणजे जरीचे शेले, चकचकीत मुकुट आणि गोरे चेहरे असेच समीकरण बसले. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, आणि तेच चित्र आणखी एका पिढीच्या डोक्यात गेले.

अजिंठ्याची भिंत काय सांगते

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना घेऊन मी अजिंठ्याला गेलो होतो. आपल्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याचे ते अंतर. १७ क्रमांकाच्या लेण्यात अंधाराला डोळे सरावले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "फादर, हे राजे सिरियलसारखे का नाहीत?"

त्याने बरोबर पकडले होते. ती चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली आहेत. प्राचीन भारताने स्वतःचे काढलेले ते चित्र आहे. त्यात राजे बहुधा उघड्या अंगाने बसलेले दिसतात. कमरेला तलम वस्त्र, गळ्यात मोती. शिवलेले, बाह्यांचे कपडे दिसतात ते अनेकदा नोकरांच्या, शिपायांच्या आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. आणि रंग! सावळे, गव्हाळी, काळसर, तांबूस, सगळे रंग तिथे आहेत. पहिल्या लेण्यातली एक अतिशय देखणी स्त्री काळीच आहे. 'कृष्ण' या नावाचा अर्थच काळा. द्रौपदीचेही एक नाव कृष्णा. मालिकांमध्ये मात्र नायक-नायिका गोऱ्या आणि राक्षस काळे. कोणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या वर्गातली सावळी मुलगी वर्षानुवर्षे ते पाहते, आणि देव कोणासारखे व राक्षस कोणासारखे हे न सांगताच शिकते.

युरोपातही हेच घडले. ग्रीस आणि रोम म्हटले की आपल्याला पांढरेशुभ्र पुतळे आठवतात, कारण सिनेमात ते तसेच असतात. प्रत्यक्षात ते पुतळे रंगवलेले होते. सम्राट ऑगस्टस याचा १८६३ साली रोमजवळ सापडलेला प्रसिद्ध पुतळा आज व्हॅटिकन संग्रहालयात आहे; त्यावर जुन्या रंगांच्या खुणा सापडल्या आहेत. ऊन-पावसाने आणि काळाने रंग उडाले आणि उरलेल्या पांढऱ्या संगमरवरालाच लोक आदर्श सौंदर्य समजू लागले. 'बेन-हर' या १९५९ सालच्या भव्य चित्रपटात साखळदंडांनी बांधलेले गुलाम रोमन युद्धनौका वल्हवतात; खऱ्या रोमन आरमारात हे काम सामान्यतः पगारी, स्वतंत्र माणसे करत. अंगठा खाली करून मृत्युदंड देण्याची जी खूण सगळ्या जगाला पाठ आहे, ती एका फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली काढलेल्या चित्रामुळे रूढ झाली. प्राचीन लेखकांनी अंगठा वळवण्याचा उल्लेख केला आहे, पण तो कोणत्या दिशेने हे त्यांनी स्पष्ट सांगितलेले नाही. २००० साली आलेल्या 'ग्लॅडिएटर' चित्रपटाच्या दिग्दर्शकाला हेच चित्र दाखवून तयार करण्यात आले होते.

चूक, संकेत आणि खोटी साक्ष

इथे कोणी म्हणेल, "फादर, सिनेमा सिनेमासारखा बघा. प्रत्येक गोष्टीत चुका कशाला काढता?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला मोठा आधारही आहे. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने आपल्या काव्यशास्त्रात म्हटले आहे, की इतिहासकार घडलेले सांगतो, तर कवी घडू शकेल असे सांगतो. म्हणून काव्य हे इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळ असते. चित्रकाराने हरिणीला शिंगे काढली तर ती चूक आहे, पण हरीण ओळखूच येऊ नये असे काढणे ही त्याहून मोठी चूक, असेही तो सांगतो. आपल्या मुलांची केरसुणीची शिरस्त्राणे ही हरिणीची शिंगे आहेत. त्यांत पाप नाही.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या करतो. पहिली, चूक. माहिती नव्हती, कपडा चुकला, शिंगे निघाली. चूक कळली की दुरुस्त करावी, एवढेच. दुसरी, संकेत. साळुंके यांनी सीता केली, कारण त्या काळी स्त्रिया सहसा कॅमेऱ्यासमोर येत नव्हत्या. गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी पुण्यात राहून पवित्र मरियेला साडी नेसवली. सोळाशे सोळा साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आणले. यातला कोणीही "हे असेच घडले, हा घ्या फोटो" असे म्हणत नाही. ते उघडपणे सांगतात, की आम्ही ही कथा आमच्या घरात आणतो आहोत. त्यांत फसवणूक नाही, प्रेम आहे.

तिसरी गोष्ट वेगळी आहे. ज्या माणसाने जे केले नाही ते त्याच्या नावावर लावणे, किंवा एका माणसाच्या कृत्याचे ओझे त्याच्या सगळ्या समाजाच्या डोक्यावर ठेवणे. याला आपल्या धर्मात नाव आहे. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. मेलेला माणूस आपला शेजारी आहे का? मला वाटते, आहे. आणि तो सर्वांत असहाय शेजारी आहे. जिवंत माणूस निदान उठून "हे खोटे आहे" असे म्हणू शकतो. मेलेल्याला आपल्याशिवाय दुसरा वकील नाही. आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, नोव्हेंबरमध्ये कबरी साफ करतो, याचा अर्थच हा, की मरणाने माणसाशी असलेले आपले कर्तव्य संपत नाही.

'ग्लॅडिएटर' चित्रपटात कॉमोडस हा आपल्या पित्याची, सम्राट मार्कस ऑरेलियस याची, हत्या करतो. इतिहासात मार्कस ऑरेलियस इसवी सन १८० मध्ये मोहिमेवर असताना आजाराने वारला असे मानले जाते. आणि त्याने मुलाला १७७ पासूनच सहसम्राट केले होते. कॉमोडस पुढे क्रूर आणि विक्षिप्त राज्यकर्ता ठरला, हे खरे. पण क्रूर माणसावरही पितृहत्येचा खोटा आळ घेता येत नाही. वाईट माणसालाही न्याय मागण्याचा हक्क असतो. न्यायाची खरी परीक्षा तर तिथेच होते.

एक जुना हिंदी चित्रपट आणि एक इंग्रजी

कॉमोडसचे आज कोणी वंशज आपल्या शेजारी राहत नाहीत. पण यहुदी राहतात. म्हणून आता मूळ प्रश्नाकडे येतो.

२००४ साली मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना 'द पॅशन ऑफ द क्राईस्ट' हा चित्रपट आला. आम्ही सर्वांनी तो पाहिला, आणि बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलले नाही. पात्रे ॲरामाईक आणि लॅटिन बोलत होती, म्हणून सगळे अगदी खरे वाटत होते. त्या प्रांतात रोमी लोकांचा व्यवहार मुख्यतः ग्रीक भाषेत चाले, हे पुढे अभ्यासात कळले. पण ती हरिणीची शिंगे झाली. खरा प्रश्न पिलाताचा आहे. त्या चित्रपटात पिलात हा विचारी, हळवा, नाइलाज झालेला अधिकारी दिसतो. आणि याजक व जमाव मात्र रक्ताला चटावलेले. शुभवर्तमानातही पिलात कचरतो, हे खरे. पण त्याच काळातला यहुदी तत्त्ववेत्ता फिलो पिलाताचे वर्णन हट्टी आणि निर्दय अधिकारी असे करतो. इतिहासकार योसेफस सांगतो, की शोमरोनी लोकांची कत्तल केल्याच्या तक्रारीवरून पिलाताला शेवटी पदावरून दूर करण्यात आले. त्याच्या नावाचा कोरीव दगड १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला. तो काल्पनिक पात्र नव्हे, क्रूस उभारण्याचा अधिकार असलेला खराखुरा राज्यपाल होता. क्रूस ही रोमी शिक्षा होती. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका दगडी अस्थिपेटीत एका तरुण यहुदी माणसाच्या टाचेचे हाड सापडले. त्यात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा अजून अडकलेला होता. पेटीवर त्याचे नाव कोरले आहे : योहानान. कोणीतरी त्याला खाली उतरवले, त्याच्या अस्थी गोळा केल्या, नाव लिहिले. रोमने क्रूसावर दिलेल्या असंख्य यहुद्यांपैकी तो एक. आमच्या प्रभूसारखाच.

दुसरा चित्रपट बिमल रॉय यांचा १९५८ सालचा 'यहुदी'. आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. दिलीपकुमार रोमी राजपुत्र, मीनाकुमारी यहुद्याघरी वाढलेली मुलगी आणि सोहराब मोदी वृद्ध यहुदी एझरा. इतिहास म्हणून पाहिले तर त्यात जवळजवळ काहीच बरोबर नाही. रोमी लोक सुंदर उर्दू बोलतात आणि प्रेमाची गाणी म्हणतात! कथा आगा हश्र काश्मिरी यांच्या जुन्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची. पण गाभा पाहा. रोमी अधिकारी एझराच्या लहान मुलाला सिंहापुढे टाकतो. पुढे त्याच अधिकाऱ्याची मुलगी एझराच्या हाती येते, आणि तो तिला मारत नाही; स्वतःची मुलगी म्हणून वाढवतो.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवा. एकात भाषा खरी वाटते, रक्त खरे वाटते, पण एका समाजाचा चेहरा वाकडा होतो. दुसऱ्यात सगळे कपडे चुकीचे, पण छळल्या गेलेल्या माणसाला त्याचा माणूसपणा परत मिळतो. मग खोटे कोणते आणि खरे कोणते? माझ्या मते कपड्यांवरून हे ठरत नाही. ज्याला आपण शत्रू ठरवले आहे त्यालाही चित्रपट माणूस म्हणून उभे राहू देतो का, यावरून ते ठरते.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. युरोपात शतकानुशतके पवित्र आठवड्यातली अशी नाट्ये पाहून लोक बाहेर पडत आणि यहुद्यांच्या वस्तीवर चालून जात. म्हणून २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट शिकवण दिली, की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लावता येणार नाही आणि आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या समितीने दुःखसहनाच्या नाट्यांसाठी निकषही प्रसिद्ध केले. मी वाकडी नाके लावली ती या सगळ्यानंतर. ही शिकवण मी वाचली होती, परीक्षेत लिहिली होती. पण हात मेणाकडे गेले, कारण डोळ्यांत सिनेमा होता.

आणि यहुदी आपल्यापासून दूरही नाहीत. कोकणात, रायगडच्या किनारपट्टीवर बेने इस्राएल समाज कित्येक शतके राहिला. ते मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी आपल्या धर्मकथांची मराठीत कीर्तने केली. १९५४ च्या 'बूट पॉलिश' चित्रपटातला प्रेमळ जॉनचाचा आठवतो? ती भूमिका करणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर याच समाजाचे. त्यांच्यासमोर बसवून मी माझे ते नाट्य दाखवू शकलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाले.

पाहणे आणि सहभागी होणे

आणखी एक गोष्ट. त्या पहिल्या प्रयोगाला लोक रडले, म्हणून मी खूश झालो होतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथेत याबद्दल फार सूक्ष्म लिहिले आहे. तरुणपणी कार्थेजमध्ये ते नाटकांना जात आणि खोट्या दुःखांवर रडण्याचा आनंद घेत. नंतर त्यांना प्रश्न पडला, की ही कसली दया? रंगमंचावरच्या दुःखिताला मदत करण्यासाठी प्रेक्षकाला कोणी बोलावत नाही. त्याने फक्त हळहळायचे असते. त्यांचा मित्र अलिपियस याची गोष्टही ते सांगतात. मित्रांनी त्याला रोममध्ये ग्लॅडिएटरांच्या खेळाला ओढून नेले. तो डोळे मिटून बसला. पण जमावाची आरोळी ऐकून त्याने डोळे उघडले, आणि एका क्षणात त्या क्रूरपणाची नशा त्याला चढली. डोळे मिटणे त्याला जमले. कान मिटणे जमले नाही.

ग्लॅडिएटरांचा धिक्कार करणारे चित्रपट आपल्याला त्याच आसनावर बसवतात, हे लक्षात घ्या. "किती क्रूर होते ते लोक!" असे म्हणत आपण दोन तास तीच क्रूरता बघतो. प्राचीन जग क्रूर होते, असे म्हटले की आजच्या जगाला सुटल्यासारखे वाटते.

आता आपल्या उपासनेकडे पाहा. झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. त्यात प्रभूचे शब्द धर्मगुरू वाचतो, निवेदन वाचक करतो. आणि प्रभूला क्रूसावर देण्याची मागणी करणारी ती आरोळी कोण देते? तुम्ही. सगळी मंडळी. आजी, बाप, शाळकरी पोरे, सगळे. दरवर्षी कोणीतरी मला सांगते, की फादर, ते वाक्य म्हणताना घशात अडकते. अडकायलाच हवे. सिनेमा आपल्याला खुर्चीत बसवून 'ते लोक' दाखवतो. उपासना आपल्याला उभे करून आपणच तो जमाव आहोत हे आपल्या तोंडून वदवते.

हे आपल्या गावाला परके नाही. या गावाचे नावच मुक्ताईचे. तिच्यावर आणि तिच्या भावंडांवर १९४० साली प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' काढला, २०२५ मध्ये 'संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई' हा चित्रपट आला. लोकांनी ते पाहिले, त्यांना आवडले. पण त्याआधी शेकडो वर्षे पडद्याशिवायच मुक्ताईची आठवण टिकली, कारण आपले वारकरी शेजारी महिनाभर पायी चालून तिची पालखी पंढरपूरला नेतात. ज्या आठवणीसाठी आपले पाय दुखतात, ती आठवण सहसा खोटी होत नाही.

तीन प्रश्न

सिनेमा पाहू नका, असे मी सांगणार नाही. मीही पाहतो. घरात मुलांबरोबर प्राचीन काळाची एखादी मालिका किंवा चित्रपट पाहताना तीन प्रश्न मात्र जरूर विचारा. पहिला : यात वाईट माणसे कोणासारखी दाखवली आहेत, आणि तसे दिसणारे कोणी आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात आहे का? दुसरा : यातल्या माणसांपैकी कोणी इथे येऊन बसले, तर "हे माझ्याबद्दल खरे आहे" असे म्हणेल का? तिसरा : या गोष्टीत मी कोण आहे? या तिसऱ्या प्रश्नाला "मी फक्त पाहणारा" असे उत्तर आले, तर टीव्ही बंद करून थोडे बोला.

आपल्या नाट्याचे पुढे काय झाले, ते तुम्ही पाहिलेच. शिरस्त्राणे केरसुणीचीच राहिली. मुख्य याजकाचे काम करणाऱ्या मुलाला मी एवढेच सांगितले, "हा माणूस घाबरलेला आहे. रोमी सैन्य गावात आहे. दंगल झाली तर ते सगळ्यांना कापतील, असे त्याला वाटते. एका माणसाचा बळी देऊन गाव वाचवावे, असा त्याचा हिशेब आहे. तुझ्या घरात, पंचायतीत, ऑफिसात असा हिशेब कोणी करत नाही का?" तो बराच वेळ गप्प राहिला. प्रयोगाच्या दिवशी तो हसला नाही. खाली मान घालून, हळू आवाजात त्याने आपले वाक्य म्हटले.

जमावाचे काम करायला आम्ही मुलांना मंचावर उभेच केले नाही. त्यांना तुमच्यामध्ये, बाकांवर बसवले. आरोळी तुमच्या शेजारून उठली. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी दचकून मागे वळून पाहिले, आणि मागे त्यांचाच नातू उभा होता.

तुमचा धर्मगुरू